जून ते दिवाळी, इयत्ता पहिली

डोळे उघडा. साल १९८१, जून महिना, सोमवारची सकाळ. तुम्ही सहा वर्षांचे आहात; निदान आज तसं ठरणार आहे. अंगात थोरल्या भावाचा सदरा, खाली नाडीची चड्डी, पायात काही नाही. मृगाचा एक पाऊस होऊन गेलाय आणि दुधनेच्या खोऱ्यातली काळी माती तळव्यांना वहाणेसारखी चिकटलीय. गाव परतूर तालुक्यातलं, दीडशे उंबऱ्यांचं. मोबाइलसाठी खिसा चाचपू नका, सदऱ्याला खिसाच नाही.

समोर जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं ओटा. दारावरच्या पाटीवर 'जि. परभणी' असं लिहिलंय आणि ते आता चूक आहे. गेल्या महिन्यात, १ मे रोजी, औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीचा परतूर हे तालुके मिळून नवा जालना जिल्हा झाला. त्याच दिवशी तिकडं कोकणात सिंधुदुर्गही झाला. म्हणजे तुमचं आणि जिल्ह्याचं नाव एकाच उन्हाळ्यात पटावर चढतंय. पाटी नव्यानं कधी रंगवणार, हे गुरुजींनाही माहीत नाही. तुम्हाला त्याचं काही वाटत नाही, कारण तुम्हाला ती वाचताच येत नाही.

दादा टोपी हातात घेऊन उभे आहेत. वडिलांना तुम्ही दादा म्हणता. गुरुजी विचारतात, "लेकरू किती वर्षांचं?"

"दुष्काळानंतर दोन-तीन सालानं झालं, गुर्जी."

दुष्काळ म्हणजे बहात्तरचा. गावात सगळ्यांची वयं तिथूनच मोजतात. गुरुजी तुमचा उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेतात. बोटं डाव्या कानाला टेकतात. टेकली म्हणजे सहा पूर्ण. वहीत नोंद होते: जन्मतारीख १ जून १९७५. तुमच्या मागं उभ्या असलेल्या गंगूचीही १ जून, तिच्या मागच्याचीही १ जून. महाराष्ट्रात गावोगावच्या शाळांनी लेकरांना ही तारीख वाटली आहे. तीच पुढं दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, आधार कार्डावर आणि पेन्शनच्या कागदावर चालेल. पहिलीत पाऊल टाकताच तुम्हाला मिळालेली पहिली वस्तू म्हणजे वाढदिवस.

दुसरी वस्तू नाव. घरी तुम्ही बाळ्या. हजेरीत गुरुजी तुमचं, दादांचं आणि आडनावाचं असं तीन तुकड्यांचं नाव पुकारतात. कुणीच ओ देत नाही. तुम्हीही मागं वळून बघता, की हा कोण? आपण तोच आहोत हे अंगवळणी पडायला आठवडा जातो. मग एका सकाळी तोंडातून मोठ्यानं निघतं, "हजर, गुर्जी!" आणि वर्ग हसतो, कारण गुरुजींनी तेव्हा दुसऱ्याचंच नाव घेतलेलं असतं.

गावात अंगणवाडी अजून आलेली नाही. त्यामुळं बसायलाही इथंच शिकायचं. घरून आणलेलं पोतं अंथरायचं, मांडी घालायची, शेजारच्याच्या पोत्यावर सरकायचं नाही. बाहेर जायचं तर करंगळी वर. दोन बोटं वर केली तर काम मोठं आहे आणि गुरुजींनी उशीर करू नये. गुरुजी एकच, वर्ग चार. पहिली आणि दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. गुरुजी पलीकडं असले, की तुमच्यावर चौथीतला एक दांडगा पोरगा छडी घेऊन बसतो. याचा तोटा तुमच्या पाठीला कळतो. फायदा कानाला होतो. दुसरीची पोरं पाढे घोकत असतात आणि तुम्हाला अजून दोनचा आकडा काढता येत नसताना बे दाहे वीसपर्यंत तोंडपाठ होतं.

जुलै लागतो. परतूरच्या बाजारातून आणलेली पाटी पोटाशी धरून तुम्ही येता. वर युरियाच्या पिशवीची खोळ, कारण पाऊस लागलाय. गुरुजी आधी उभ्या रेघा काढायला लावतात, मग आडव्या, मग तिरप्या, मग अर्धगोल. दादा संध्याकाळी विचारतात, "काय शिकलास?" तुम्ही सांगता, "रेघोट्या." दादा आईकडं बघतात. त्यांना वाटतं, यासाठी पोराला शेळ्यांमागून काढलं? पण बैलाचा कासरा धरणारी मूठ वेगळी आणि पेन्सिल धरणारी चिमूट वेगळी. ती चिमूट बोटांना याच पंधरवड्यात कळते. पेन्सिलचा अर्धा तुकडा तुम्ही खाल्लेला असतो, ते घरी सांगत नाही. पाटी थुंकीनं पुसली की विद्या रुसते, असं चौथीतल्या पोरानं सांगितलंय. म्हणून ओला बोळा सापडेपर्यंत तुम्ही इकडंतिकडं बघता आणि मग थुंकीच लावता.

मग येतात ग, म, भ, न. वर्णमालेत ही अक्षरं एका ओळीत बसत नाहीत, पण हाताला त्यांचं वळण जवळजवळ एकच लागतं. एक जमलं की उरलेली फार छळत नाहीत. शिवाय चौघांतून लगेच शब्द होतात: मग, गगन, नमन. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळानं, म्हणजे २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीनं, काढलेलं पुस्तक तुमच्याकडं आहे. ते गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाचं तरी होतं. कोपरे झिजलेत आणि एका चित्रातल्या माणसाला मिश्या फुटल्यात.

घरी निराळी शाळा भरते. धाकट्या काकांनी बाजारातून अंकलिपी आणलीय आणि चिमणीच्या उजेडात ते तुम्हाला शिकवतात. अ अननसाचा. अननस या घरात कुणी पाहिलेलं नाही. काका म्हणतात, फणसावानी असतं. फणसही कुणी पाहिलेला नाही. आ आगगाडीचा. ती खरी आहे. परतूरच्या स्टेशनातून मनमाड-काचीगुडा मीटरगेजवर धावते. उ उखळाचा, दारात आहे. ऐ ऐरणीचा, लोहाराच्या पालापुढं आहे. औ औताचा, गोठ्याच्या वळचणीला टेकवलंय. ऊ ऊसाचा. ऊस तुमच्या तीन एकर कोरडवाहू रानात पिकत नाही. त्याची गाठ दिवाळीनंतर पडेल, तूर्त नुसतं गिरवा.

शाळेत बोलायचंही शिकावं लागतं. तुम्ही उठून सांगता, "गुर्जी, ह्यानं माही पेन्सिल घेतली." गुरुजी म्हणतात, "माही नाही, माझी म्हण." तुम्ही म्हणता. मग घरी जाऊन आजीला "माझी भाकरी दे" म्हणता आणि आजी पदर तोंडाला लावून हसते, "साहेब झालास का रं?" महिन्याभरात तुम्ही दोन्ही तोंडं वेगळी ठेवायला शिकता, एक ओट्याच्या वरचं, एक खालचं. गुरुजी शहाणे आहेत. भांडण सोडवताना आणि लेकरू रडत असताना ते स्वतःही तुमच्याच बोलीवर येतात.

ऑगस्टमध्ये आकडे. चिंचोके घरून आणायचे. दहा झाले की बाजूला ढीग. मग ज्वारीच्या धाटाच्या काड्या, दहांची जुडी सुतळीनं बांधलेली. एक जुडी आणि तीन सुट्या, म्हणजे तेरा. हा एवढासा खेळ वाटतो, पण सगळं गणित इथंच आहे: दहा सुटे देऊन एक जुडी घेता येते आणि जुडी सोडून पुन्हा दहा करता येतात. ज्या दिवशी तुम्हाला हे उमगतं, त्या दिवशी तुम्ही वाटेतल्या बाभळीच्या शेंगाही दहादहाच्या करून ठेवता.

आबा हे बघून नाक मुरडतात. आबा म्हणजे तुमचे आजोबा. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, मारुतीच्या देवळात, पंतोजींची. फळीवर माती पसरायची आणि काडीनं अक्षर काढायचं, ही धुळपाटी. फळी हलवली की धडा पुसला. पुढं शिकायचं तर उर्दू. हैदराबाद संस्थानाचा कारभार तिच्यात चाले आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानं शिकवण्याची भाषाही तीच ठेवली होती. आबा तिथवर पोचले नाहीत. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी त्यांना अजून पाठ आहेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. जालन्याच्या मोंढ्यात साडेतीन रुपये भाव आणि सात मण माल असला, की आडत्यानं बोटं मोडायच्या आत आबा साडेचोवीस म्हणून मोकळे व्हायचे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि लिटर आले, आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. आबांना वाटतं, लेकरांची अक्कल कमी झाली. खरं तर त्यांना मोंढ्यापुरतं शिकवलं गेलं होतं आणि तुम्हाला त्याहून लांब जायचंय.

मधल्या सुट्टीत आणखी एक धडा होतो, तो पुस्तकात नाही. ओट्याच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण आहे. तुमच्या पोत्याशेजारी बसणारा पोरगा बौद्धवाड्यातला. तो रांजणात पेला बुडवत नाही. कुणीतरी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून थांबतो. त्याला कुणी सांगितलेलं तुम्ही ऐकलं नाही, तुम्हालाही कुणी सांगितलं नाही, तरी दोघांनाही ते माहीत आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळल्या, त्याला तीनच वर्षं झालीत. सकाळी प्रतिज्ञेत सगळे भाऊ-बहीण असतात. दुपारी रांजणापाशी नसतात. एक दिवस गुरुजी ओगराळं त्याच पोराच्या हातात देतात. "आजपासून पाणी हा देणार." दोन-चार लेकरं तहान लागली की घरी पळू लागतात. पण घर लांब आणि सुट्टी छोटी. पोळा येईपर्यंत सगळे त्याच्यापुढं पेला धरून रांगेत उभे असतात. या सत्रात शिकलेल्या गोष्टींत ही वर धरावी लागेल.

गंगूकडंही बघा. तिच्या मांडीवर दीड वर्षांचा भाऊ आहे. आई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाते. हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि त्यानं घरात चूल पेटते. भाऊ निजला की गंगू वर्गात, भाऊ रडला की ओट्यावर. तिला ग येतो, म येतो. भ शिकवला तेव्हा भाऊ रडत होता. शनिवारी सकाळच्या शाळेत मुलींनी वर्ग शेणानं सारवायचा आणि पोरांनी आवार झाडायचं. त्या तासाला मात्र ती एकदाही चुकत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गुरुजी पाटी-पेन्सिल ठेवायला सांगतात. नाल्याकाठची चिकण माती आणायची आणि बैल करायचे. तुमच्या बैलाचं वशिंड पडतं, शिंगं वाकडी होतात, तरी गुरुजी तो खिडकीत मांडतात. या बोटांना आता रेघ कळते, गोल कळतो, दाब किती द्यायचा ते कळतं. पाटीवरचा भसुद्धा याच आठवड्यात सरळ उभा राहिलाय.

त्याच दिवसांत ऊसतोडीचा मुकादम येतो. ओट्यावर घोंगडी अंथरली जाते, चहा होतो. एक कोयता ठरतो. कोयता म्हणजे दादा आणि आई, दोघांची जोडी. मुकादम उचल मोजतो. दिवाळीनंतर कारखान्यावर तोडीला जाऊन ती फेडायची. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून नोटा मोजता. तुम्हाला आता वीसपर्यंत येतं आणि नोटा वीसच्या आत आहेत. मुकादम सांगतो त्यापेक्षा एक कमी भरते. "दादा, एक कमी हाय." सगळे तुमच्याकडं बघतात. मुकादम हसून पुन्हा मोजतो आणि एक नोट वर ठेवतो. मग दादा कागदावर अंगठा टेकवतात. निळ्या शाईच्या ठशाशेजारी अक्षरांची रांग आहे. तुम्ही वाकून बघता: म आहे, न आहे, ग आहे, मधली अजून शिकायचीत. त्या कागदावर काय लिहिलंय हे दादांना आणि आईला वाचता येत नाही आणि त्यांच्यापेक्षा जवळ पोचलेले तुम्ही आहात.

दसऱ्याला पाटीपूजन. पाटी स्वच्छ धुवायची, कोळशानं घासून काळी करायची आणि तिच्यावर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची. एक, पुन्हा एक, पुन्हा एक. उभे, आडवे, जोडून. जूनमध्ये तुम्हाला एक काढता येत नव्हता, आज तेवढ्यावर देवी उभी राहते. वर झेंडू, आपट्याची पानं, हळदकुंकू. आई पाटीला हात जोडते. तिनं आयुष्यात पाटीवर कधी काही लिहिलेलं नाही.

पाठोपाठ सहामाही. पहिलीची परीक्षा बरीचशी तोंडी. फळ्यावरची अक्षरं ओळखा, काड्या मोजा, कविता अभिनयासह म्हणा, आपलं पूर्ण नाव सांगा. शेवटी गुरुजी शब्द सांगतात आणि ते पाटीवर लिहायचे. तुमचे बहुतेक बरोबर येतात. काना, वेलांटी अजून डळमळीत आहे. गुरुजी म्हणतात, "सुट्टीनंतर बाराखडी घेऊ. मग उन्हाळ्यापर्यंत तू पुस्तक वाचशील."

दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी येते. भाऊबीज होते आणि दुसऱ्याच पहाटे मुकादमाचा ट्रक वेशीत उभा राहतो. भांडी, पीठ, गोधड्या, शेळी, आणि तुम्ही. आबा आणि आजी घर राखायला मागं राहतात. पुढचे पाच-सहा महिने तुमचं घर म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याजवळची चटईची कोपी. आई-दादा पहाटे फडात जातात. तुम्ही धाकट्याला सांभाळता आणि शेळीसाठी वाढे ओढता. ऊ ऊसाचा, आता पक्का पाठ होतो. गावात हजेरीच्या वहीत तुमच्या नावापुढं गैरहजेरीच्या खुणा लागत जातात. बाराखडी होते, पण तुमच्याविना. उन्हाळ्यात तुम्ही परत येता तेव्हा निम्मी अक्षरं गेलेली असतात. जूनमध्ये गुरुजी तुम्हाला पुन्हा पहिलीत बसवतात, पुन्हा ग, म, भ, न, पुन्हा काड्यांच्या जुड्या, पुन्हा दिवाळी आणि पुन्हा ट्रक. अशी कितीतरी लेकरं पहिलीचं पहिलं सत्र दोन-तीनदा शिकली आणि दुसरं सत्र त्यांनी कधी पाहिलंच नाही. मग शाळा सुटली ती कायमची.

आता चाळीसेक वर्षं पुढं या. तीच शाळा, पत्र्यांच्या जागी स्लॅब. पाटीवर 'जि. जालना'. मंठा, बदनापूर आणि घनसावंगी हे तालुके वेगळे होऊन जिल्ह्याचे तालुके आठ झालेत. लेकरू शाळेत येतं ते अंगणवाडीतून. त्याची जन्मतारीख खरी असते. फरशीवर अंक आणि अक्षरं रंगवलेली असतात. छडी कायद्यानं बंद आहे, १ एप्रिल २०१० ला लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं. दुपारी शाळेतच शिजलेला भात मिळतो. पहिलीच्या आधी 'पहिले पाऊल' मेळावा भरतो आणि आयांना घरी करून घ्यायच्या कृती सांगितल्या जातात. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीचे पहिले बारा आठवडे खेळातून तयारीसाठी ठेवलेत. गुरुजींनी रेघोट्यांवर घालवलेला तो पंधरवडा शेवटी धोरणात आला म्हणायचा.

दिवाळीनंतर वेशीत गाडी मात्र आजही उभी राहते. जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. तिथं ती गावातच राहून शिकू शकतात. सोबत गेलीच, तर शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. या चांगल्या सोयी आहेत. पण सहा वर्षांचं लेकरू आईला सोडून राहत नाही, आणि फडाजवळच्या शाळेत कार्ड घेऊन जायला पहाटे चारला उठलेल्या आईकडं वेळ नसतो. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती आणि जालना जिल्ह्याची ७२च्या आत. ही दरी एका दिवसात पडली नाही; वर्षानुवर्षं हुकलेल्या दुसऱ्या सत्रांचा त्यात मोठा वाटा आहे.

तेव्हा हिशोब असा मांडा. सरकारी वेळापत्रकात वर्षाची सत्रं दोन असतात. कोयत्याच्या घरातल्या लेकराच्या हाती एकच लागतं. म्हणून जून ते दिवाळी या काळात पहिलीच्या शिक्षकाला याद्या, सर्वेक्षणं आणि बैठका लावू नका. पुस्तकं पहिल्या दिवशी द्या. वसतिगृहाची मंजुरी दसऱ्याच्या आत येऊ द्या, ट्रक गेल्यावर ती आली तर तिचा उपयोग नाही. आणि तुमच्या गावात अशी शाळा असेल, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथं जा, पहिलीतल्या एखाद्या लेकरापुढं पुस्तक धरा आणि त्याला वाचायला सांगा. वाचता येत नसेल, तर दिवाळीपर्यंत रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा.